तुळा आणि तालीम

गोव्यातील देवस्थानांत होणारा तुळाभार आमच्या वाचकांस नवा नाही. कोणाचे मोठे दुखणे टळलेले असते, कोणाचा नवस फेडावयाचा असतो, कोणाच्या तान्ह्या मुलाचे पहिले वर्ष निर्विघ्नपणे पार पडलेले असते. मग देवासमोर तराजू लागतो. एका पारड्यात माणूस बसतो आणि दुसऱ्या पारड्यात नारळ, गूळ, तांदूळ, केळी असे जिन्नस चढू लागतात. इ. स. १६६५ च्या जानेवारीत, सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी, शिवाजी महाराजांनी महाबळेश्वर येथे मातोश्री जिजाबाईंची सुवर्णतुळा केली, ती याच परंपरेतील. या तुळेचा एक विशेष असा की, तिच्यावर बसणाऱ्यास आपले वजन कमी भरावे असे कधी वाटत नाही. माणूस जितका भारी, तितके देवाचे दान अधिक.

दुसरीही एक तुळा आहे, आणि तिच्यावर चढणारा मात्र श्वास रोखून उभा असतो. ७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी पॅरिस येथील ऑलिंपिक स्पर्धेत विनेश फोगाट या तुळेवर उभ्या राहिल्या. आदल्या दिवशी त्यांनी तीन कुस्त्या जिंकल्या होत्या. तोवर एकाही परदेशी मल्लाकडून न हरलेल्या जपानच्या युई सुसाकी यांस त्यांनी पहिल्याच कुस्तीत नमविले होते. सुवर्णपदकाची लढत त्या दिवशी संध्याकाळी व्हावयाची होती. मर्यादा ५० किलोंची. काट्याने १०० ग्रॅम अधिक दाखविले. शंभर ग्रॅम म्हणजे अर्ध्या पेल्याएवढे पाणी! त्यांस अपात्र ठरविण्यात आले, शेवटचा क्रमांक देण्यात आला, आणि पुढे १४ ऑगस्टला क्रीडा लवादानेही त्यांचे अपील फेटाळले.

त्या दिवशी घरोघरी एकच प्रश्न विचारला गेला : इतक्या क्षुल्लक वजनासाठी एवढी मोठी शिक्षा का? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर रागाने मिळावयाचे नाही. कुस्तीत तराजू आला कोठून, तो कशासाठी आला, आणि त्याच्यापायी मल्लाच्या ताटाचे काय झाले, हे पाहिल्यावाचून त्याचा उलगडा होणार नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तोच इतिहास थोडक्यात मांडीत आहोत.

प्रथम हे ध्यानी घेतले पाहिजे की, विषम बळाच्या कुस्तीबद्दलचा खेद फार जुना आहे. भागवताच्या दशम स्कंधातील कंसाच्या रंगमंडपाचा प्रसंग आपण सर्वांनी कीर्तनांतून ऐकलेला आहे. चाणूर आव्हान देतो, तेव्हा श्रीकृष्ण म्हणतात की, आम्ही बालक आहो, आमची कुस्ती आमच्या तुल्यबळांशीच लागावी, म्हणजे या सभेस अधर्माचा स्पर्श होणार नाही. पुढे कुस्ती सुरू झाल्यावर मथुरेच्या स्त्रिया एकमेकींस म्हणतात की, एकीकडे हे पर्वतप्राय मल्ल आणि दुसरीकडे ही कोवळी पोरे. असली विषम झुंज पाहणारेही पापाचे धनी होतात. ‘तुल्यबल’ या शब्दातच तुळा आहे. बळ तोलून मग झुंज लावावी, हा विचार आपल्या परंपरेस परका नाही, एवढे यावरून निश्चित होते.

मध्ययुगात या विचारास ग्रंथरूप आले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ रचला. आज ही कल्याणी बसवकल्याण या नावाने बीदर जिल्ह्यात आहे. या ग्रंथातील मल्लविनोदाच्या प्रकरणात वय, देह आणि बळ पाहून मल्लांची प्रतवारी केलेली आहे, आणि त्यांच्या खुराकाची व मेहनतीची व्यवस्था राजाने कशी ठेवावी हेही सांगितले आहे. गुजरातेतील ज्येष्ठीमल्ल ब्राह्मणांच्या ‘मल्लपुराणा’तही मल्लांचे प्रकार, ऋतुमानाप्रमाणे आहार आणि व्यायाम यांचे विवेचन आढळते. हे दोन्ही ग्रंथ बडोद्याच्या प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले, ही गोष्ट बडोदेकर वाचकांस अभिमानाची वाटेल. मल्लविद्येच्या लेखी परंपरेचे बडोद्यावर आणखीही ऋण आहे. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेला ‘व्यायामज्ञानकोश’ १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत तेथूनच निघाला.

तथापि ही प्रतवारी किलोग्रॅमची नव्हती. ती जाणत्या माणसाच्या नजरेची होती. आपल्या जत्रांच्या फडात आजही तीच चालते. हलगी कडाडते, पोरे लंगोट लावून मैदानाभोवती फिरतात, आणि पंच किंवा वस्ताद दोघांच्या मानेकडे, मांड्यांकडे पाहून जोड लावतात. रेवड्या-नारळावरच्या लहान मुलांच्या कुस्त्या आधी, आणि एक नंबरची कुस्ती शेवटी. वस्तादाची नजर ही एक प्रकारची तुळाच होय, आणि पुष्कळदा ती काट्याहून न्यायी असते. कारण काटा केवळ भार मोजतो, नजर दम आणि डावपेचही जोखते. परंतु तिची मर्यादा अशी की, मोठा मान अखेर मोठ्या देहासच मिळावयाचा. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधविले, बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी मल्लांस उदार आश्रय दिला, इंदूर-ग्वाल्हेरच्या दरबारांतही पहिलवानांची कदर झाली. पण या सर्व ठिकाणी शेवटच्या कुस्तीस उभा राहणारा मल्ल धिप्पाडच असे. पन्नास-पंचावन्न किलोंचा चपळ मुलगा कितीही तयारीचा असला तरी तो मधल्या कुस्त्यांचाच धनी.

युरोपातही प्राचीन काळी निराळी स्थिती नव्हती. ग्रीकांच्या ऑलिंपियात मुले आणि प्रौढ एवढाच भेद होता. वजनाचे गट नव्हते. १८९६ साली अथेन्स येथे आधुनिक ऑलिंपिक भरले तेव्हाही कुस्तीस एकच गट होता. मौज अशी की, तेथे जिंकला तो जर्मनीचा ठेंगणा कसरतपटू कार्ल शुमान, आणि वाटेत त्याने वजन उचलण्यातील विजेत्या लॉन्सेस्टन एलियटला पाडले. परंतु असे अपवाद नियम ठरवीत नाहीत. १९०४ साली सेंट लुईस येथे कुस्तीचे सात वजनगट करण्यात आले आणि मुष्टियुद्धातही गट आले. वजन उचलण्याच्या स्पर्धेत ते १९२० साली अँटवर्प येथे आले. त्याच अँटवर्पला दोराबजी टाटांच्या पुढाकाराने भारताचा पहिला संघ गेला आणि त्यात रणधीर शिंदे व कुमार नवले हे दोन मराठी मल्ल होते. शिंदे हलक्या वजनाच्या गटात कांस्यपदकाच्या कुस्तीपर्यंत पोहोचले.

या व्यवस्थेचे खरे फळ आपल्या पदरात पडले ते १९५२ साली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव १९४८ साली लंडनला ५२ किलोंच्या गटात उतरले आणि सहावे आले. मातीत वाढलेल्या या तरुणास तेथील गादी आणि नियम दोन्ही अपरिचित होते. पुढची चार वर्षे त्यांनी तयारी केली. हेलसिंकीस जाण्यासाठी पैसा नव्हता, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी ५७ किलोंच्या गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच स्पर्धेत त्यांच्या वरच्या गटात केशव माणगावे चौथे आले.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. खाशाबा लंडनला ५२ किलोंत लढले आणि हेलसिंकीला ५७ किलोंत. चार वर्षांत त्यांचा देह भरला, तेव्हा ते वरच्या गटात गेले, आणि तेथे पदक मिळाले. आणखी असे की, वजनगट नसते तर हे पदकच नसते. सत्तावन्न किलोंच्या मनुष्यास ‘हिंदकेसरी’ची गदा कोणी दिली असती? १९५९ साली ती मिळविणारे बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे, किंवा १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारे गणपतराव आंदळकर हे भारी देहाचे मल्ल होते. त्यांची थोरवी निर्विवाद आहे. परंतु हलक्या देहाच्या मल्लास जगाच्या आखाड्यात उभे केले ते तराजूनेच. तराजू हा मुळात दुबळ्याचा कैवारी म्हणून आला, हे विसरता कामा नये.

मात्र जेथे तराजू आला तेथे तराजूस फसविण्याची युक्तीही आली. साठ किलोंचा मल्ल वजनाच्या क्षणापुरता सत्तावन्नचा झाला आणि मग खाऊन-पिऊन पुन्हा साठचा होऊन उतरला, तर त्यास तीन किलोंचा फायदा मिळेल, असा हा हिशेब. एकाने केले की दुसऱ्यास करावे लागते. शेवटी सर्वच उपाशी राहतात आणि फायदा कोणासच उरत नाही.

हे वजन उतरते कसे, ते समजून घेणे अवश्य आहे. दोन-तीन दिवसांत चरबी जळून तीन किलो कमी होत नाहीत. माणसाच्या देहात निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, तो प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भात-भाकरी तोडली की तो साठा संपतो आणि त्याबरोबर पाणीही जाते. मीठ तोडले की आणखी पाणी सुटते. भाजीपाला आणि कोंडा बंद केला की आतड्यातील भार घटतो. इतके करूनही काटा हलला नाही, तर मल्ल अंगावर कपड्यांवर कपडे चढवून धावतो, गरम खोलीत घाम गाळतो, तोंडातील लाळदेखील थुंकून टाकतो. कमी झालेले वजन हे बव्हंशी पाणीच असते, आणि ते प्रामुख्याने रक्तातून व स्नायूंतून गेलेले असते. शेकडा दोन भाग वजनाएवढे पाणी गेले तरी दम कमी होऊ लागतो. रक्त आटल्यामुळे हृदयास जोराने धावावे लागते, मूत्रपिंडांवर ताण पडतो. घामास पाणी उरत नाही तेव्हा देहाची उष्णता बाहेर जाण्याचा मार्गच खुंटतो, आणि मग जिवावर बेतते.

हा धोका काल्पनिक नाही. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्ती खेळणारे तीन तरुण सुमारे महिन्याभराच्या अवधीत असेच मरण पावले. हवा न जाणारे कपडे घालून, गरम खोलीत, पाणी न पिता ते वजन उतरवीत होते. वयाने तिघेही एकोणीस ते बावीस वर्षांचे. त्यानंतर तेथे रबरी पोशाख, वाफेच्या खोल्या आणि लघवी वाढविणारी औषधे यांवर बंदी आली. हंगामाच्या आरंभी प्रत्येकाच्या देहातील पाणी व चरबी तपासून त्याचे किमान वजन ठरविले जाऊ लागले, आणि आठवड्यात शेकडा दीडपेक्षा अधिक वजन उतरविण्यास मनाई झाली. तीन घरांचे दिवे विझल्यावर हा शहाणपणा सुचला.

आंतरराष्ट्रीय कुस्ती संघटनेनेही पुढे नियम बदलला. पूर्वी वजन आदल्या दिवशी होत असे. त्यामुळे रात्रभर खाऊन-पिऊन सावरण्यास अवकाश मिळे. २०१८ पासून वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळी होऊ लागले, आणि स्पर्धा दोन दिवस चालत असल्याने दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा घेतले जाऊ लागले. हेतू असा की, मल्लाने आपल्या नैसर्गिक वजनाच्या गटातच लढावे. हेतू चांगला होता. परंतु ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या कुस्तीस गटच सहा; पन्नासनंतर त्रेपन्न, मग सत्तावन्न. विनेश पूर्वी त्रेपन्न किलोंत लढत. त्या गटातील भारताची जागा दुसऱ्या मल्लाने मिळविली, तेव्हा त्यांस पन्नासात उतरावे लागले. पहिल्या दिवशीचे वजन त्यांनी पार केले. परंतु तीन कुस्त्यांसाठी अन्नपाणी घ्यावेच लागले आणि दिवसअखेर वजन मर्यादेहून २.७ किलोंनी वर गेले. रात्रभर निद्रा नाही, अन्न नाही, पाणी नाही; व्यायाम आणि वाफ; केसदेखील कापले. तरी शंभर ग्रॅम उरलेच. त्याच स्पर्धेत अमन सेहरावत यांचेही वजन उपांत्य कुस्तीनंतर मर्यादेच्या फार वर गेले होते. त्यांनी दहा तासांत ४.६ किलो उतरविले आणि ५७ किलोंच्या गटात कांस्यपदक घेतले. एकाचे कौतुक झाले आणि दुसरीचे नशीब फुटले म्हणून हळहळ झाली. परंतु दोघांच्याही देहावर त्या रात्री जे गुदरले ते एकच होते, आणि ते कौतुकास पात्र नव्हे.

आता आपल्या तालमीकडे वळू. आपल्या परंपरेतील खुराक हा देह वाढविण्याचा खुराक आहे. दूध, तूप, बदामाची थंडाई, आणि ज्यांस चालते त्यांस मांस. जोर-बैठका काढाव्या आणि अंग भरावे. कमी करण्याचे शास्त्र त्यात नाही, कारण त्याची गरजच नव्हती. मातीतला मुलगा गादीवर आला आणि त्यास कोणीतरी सांगितले की, तू अमुक किलोंतच लढ, तेव्हा त्याच्याजवळ दोनच साधने उरली : घरचे तूप आणि उपास. सीमाभागातील एका गावी आम्ही स्वतः पाहिले आहे. चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा भर दुपारी दोन स्वेटर घालून धावत होता. दुसऱ्या दिवशी वजन होते. त्याच्या ओठांवर पापुद्रे आले होते. पाणी देऊ केले तर त्याने मान हलविली आणि म्हणाला, “आज उपास हाय.” शेजारी त्याची आई उभी होती. तिनेही तो उपासच समजला होता.

हा उपास नव्हे. एकादशीस उपास करणारा मनुष्य द्वादशीस पारणे फेडतो, आणि त्या दिवशी त्यास कोणी आखाड्यात उतरवीत नाही. आजारी, गर्भवती, बालक यांस शास्त्रानेच सूट दिलेली आहे. चरकसंहितेत तेरा नैसर्गिक वेग सांगितले आहेत; ते अडवू नयेत, अडविल्यास रोग होतो, असे त्या अध्यायाचे सार आहे. त्या तेरांत भूक आहे आणि तहानही आहे. सुश्रुत-वाग्भटांनी तर व्यायामही अर्ध्या शक्तीनेच करावा असे सांगितले, आणि अतिव्यायामाने तहान, क्षय, ज्वर, वांती उद्भवतात असा इशारा दिला. आजचे आहारशास्त्र निराळ्या शब्दांत बहुतांशी हेच सांगते.

त्या शास्त्राचा हिशेब सोपा आहे. वजन उतरवावयाचेच असेल तर आठवड्यास देहाच्या शेकडा एका भागाहून अधिक उतरवू नये. साठ किलोंच्या मल्लास आठवड्याला सहाशे ग्रॅम. म्हणजे तीन किलोंस पाच आठवडे लागतील. या काळात स्नायू झिजू नयेत म्हणून प्रथिने कमी करू नयेत; किलोमागे १.६ ते २.२ ग्रॅम, म्हणजे साठ किलोंस दिवसाला सुमारे शंभर ते एकशे तीस ग्रॅम. लिटरभर गाईच्या दुधातून बत्तीस ग्रॅमच्या आसपास मिळतात. उरलेली डाळ, उसळ, ताक, अंडी, मासे यांतून मिळवावी. कात्री लावावयाची ती तूप, साखर आणि तळणावर. शंभर ग्रॅम तुपात नऊशे उष्मांक आहेत, पण प्रथिन नाही. बदाम चांगले, परंतु शंभर ग्रॅम बदामांत प्रथिने एकवीस ग्रॅम आणि उष्मांक पावणेसहाशे. तेव्हा मूठ मोजून घ्यावेत. वजन झाल्यावर, गेलेल्या प्रत्येक किलोमागे सुमारे दीड लिटर द्रव, घोट घोट करून, मीठ आणि पिष्ट यांसह घ्यावे. आपली मीठ घातलेली पेज यास उत्तम आहे. आजींनी आजाऱ्यास दिली ती उगाच नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाढत्या वयाच्या मुलाचे वजन उतरवूच नये. त्याचा देह भरेल तसा त्याचा गट बदलू द्यावा, जसा खाशाबांनी बदलला.

आमचे हे निवेदन विशेषेकरून देवस्थान समित्यांस आणि जत्रेचा फड भरविणाऱ्या मंडळींस आहे. तालमीत मारुतीराय आहेत आणि फड ग्रामदेवतेच्या अंगणात भरतो. तेव्हा तेथील मुलांच्या प्रकृतीची जबाबदारी आपलीही आहे. वजनावर कुस्त्या लावावयाच्या असतील तर वजन मैदानाजवळ, कुस्तीच्या थोडेच आधी घ्यावे, म्हणजे पाणी तोडून फायदा मिळविण्याची आशाच उरणार नाही. अर्धा-पाऊण किलो इकडे-तिकडे झाले तर मुलास घरी न पाठवता जाणत्या वस्तादाने त्याची जोड पाहून लावावी. आपली जुनी नजर येथे कामास येईल. ओठ सुकलेला, डोळे खोल गेलेला मुलगा दिसला तर त्यास त्या दिवशी उतरवू नये. आणि फडावर पाण्याचा माठ आधी ठेवावा, हलगी मागाहून.

विनेश फोगाट यांच्यावर अन्याय झाला की नियमाप्रमाणे न्याय झाला, हा वाद चालू राहील. आमच्या मते नियम दोघांस सारखा होता, परंतु ज्या रीतीने मल्लांस त्या काट्यापर्यंत यावे लागते ती रीत धर्माची नव्हे. मथुरेच्या स्त्रियांनी विषम झुंज पाहणाऱ्यांसही दोष दिला होता. आज झुंज पहिलवानाची पहिलवानाशी सम असते, पण त्याआधी त्याची त्याच्या स्वतःच्याच देहाशी जी झुंज होते ती फार विषम असते. आणि ती पाहणारे आपण सर्व आहोत.

देवासमोरच्या तुळेवर आपण मूल बसवितो ते ते जगले, वाढले, भरले म्हणून. आखाड्यातील तुळेवरही ते त्याच भावनेने चढले पाहिजे.